परत केलेली मुलगी

शुक्रवार, १२ ऑगस्ट

धाकटे,

पत्राची सुरुवात 'प्रभूमध्ये प्रिय' अशी करायची ही बाबांनी लावलेली शिस्त. आज दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तेव्हा नुसतं 'धाकटे'. वाचायचं तर वाच.

काल दुपारी तुझा नवरा भिंगरीला आमच्या अनाथाश्रमाच्या दारात सोडून गेला. मी तेव्हा इथे नव्हते. दोन लहानग्यांच्या अंगावर पुरळ उठलं होतं, गोवराची शंका होती, म्हणून त्यांना घेऊन दवाखान्यात बसले होते. परत आले तर फाटकावरचा रखवालदार तोंड पाडून उभा.

"सिस्टर, वकीलसाहेब आले होते. पोरीला सोडलं, बॅग दिली, 'सिस्टरना सांगा, मी फोन करतो' म्हणाले आणि गेले."

"आणि माझी बहीण?"

"गाडीत होत्या. मागे. काच वर होती."

काच वर होती! दोन वर्षं जिला तू 'माझं लेकरू' म्हणत मिरवलंस, ती पोर बॅग ओढत फाटकातून आत जात होती आणि तुला काच खाली करणं जमलं नाही? ऊन लागत होतं का?

इथे दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे मला सिस्टर म्हणतात. जिची मी खरोखरची बहीण आहे, तिला मात्र एक फोन करावासा वाटला नाही. "ताई, आम्ही तिला परत आणतोय" एवढं तरी सांगायचंस. मी दारात उभी राहिले असते.

भिंगरी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती. पाय जुळवलेले, हात मांडीवर. मला बघून उठली आणि "गुड आफ्टरनून, सिस्टर" म्हणाली. अगं, ही तीच मुलगी ना, जी आमच्या अंगणात स्वतःभोवती गरगर फिरून धपकन पडायची आणि पडल्या पडल्या खिदळायची? म्हणून तर पोरांनी तिला भिंगरी नाव दिलं. मी त्याच नावाने हाक मारली तर तिने मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला बोलावलं की काय म्हणून. मग आठवलं, की शाळेत शोभेल असं नवं नाव तुम्ही तिला ठेवलं होतंत. ते घेऊन हाक मारली, तर तिचा चेहरा असा झाला की पुन्हा ते तोंडातून काढायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिने विचारलं, "सिस्टर, मी किती दिवस राहायचंय?"

ह्याचं उत्तर तू दे.

आज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती नळाखाली चादर धूत होती. गादी ओली झाली होती. लिंबाएवढा साबण संपवला तिने. मी म्हणाले, "असू दे गं, इथे रोज कुणाची ना कुणाची ओली होते." तर म्हणाली, "मी पुन्हा असं करणार नाही." पाणी पिऊ का, बाहेर जाऊ का, खिडकीपाशी बसू का, प्रत्येक गोष्टीला विचारते. असं वळण तिला आम्ही नव्हतं लावलं.

तुला मुलगा झाला, आम्ही इथे सगळ्या पोरांनी मिळून प्रार्थना केली, गाणी म्हटली. दहा वर्षं वाट बघून तू भिंगरीला नेलंस आणि वर देवाने बाळही दिलं. मला वाटलं, झालं, घर भरलं. ते भरलं की एकीला बाहेर काढायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कायद्याने ती तुझी मुलगी आहे, धाकटे. भाड्याने नेलेली सायकल नव्हे. काय झालं ते मला लिही. तुझ्या हाताने लिही.

तुझी ताई


शनिवार, २० ऑगस्ट

धाकटे,

तुझ्या हाताने लिही म्हटलं होतं. आलं ते तुझ्या नवऱ्याचं पत्र, टाइप केलेलं, 'आदरणीय सिस्टर' म्हणून सुरू होणारं. याच माणसाने दोन वर्षांपूर्वी माझे दोन्ही हात धरून "ताई, तुमच्यामुळे आमच्या घरात लेकरू आलं" म्हणत डोळे पुसले होते. तेव्हा मी ताई होते. आता आदरणीय झाले.

त्यात लिहिलंय, की भिंगरीने तुझ्या बाळाला जेवणाच्या टेबलावरून खाली पाडलं. मुद्दाम. मत्सराने. बाळाचा हात मोडला. म्हणून ही मुलगी घरात ठेवणं धोक्याचं आहे, दत्तक रद्द करावं, आणि बालकल्याण मंडळाने तिला 'अशा मुलांसाठी असलेल्या संस्थेत' पाठवावं.

बाळाचा हात मोडला ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तो माझा भाचा आहे. त्याला अजून मी मांडीवरसुद्धा घेतलेलं नाही. आता कसा आहे तो? प्लास्टर निघालं का? एवढं तरी कळव.

पण 'अशा मुलांसाठी असलेली संस्था' म्हणजे काय, हे तुझ्या नवऱ्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ते सुधारगृह आहे. मी तिथे आत जाऊन आले आहे. भिंतीवर काचा लावल्यात, खिडक्या छताजवळ आहेत, आणि तिथल्या मुली सोळा-सतरा वर्षांच्या. त्यांच्यात सात वर्षांची भिंगरी. एकदा तिथून आलेली मुलगी म्हणून शिक्का बसला की पुढे कुठलं घर तिला घेणार?

मी तिला विचारलं. रागावून नाही, शेजारी बसवून विचारलं. ती म्हणाली, "मीच पाडलं. माझ्याकडून पडलं. मी पुन्हा असं करणार नाही." तिन्ही वाक्यं एका दमात, शाळेत बाईंपुढे कविता म्हणावी तशी. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने.

काल आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले होते. तुला माहीतच आहे, ह्या घराच्या कमिटीचे अध्यक्ष तेच. मी अंगणात पोरांची नखं कापत होते. खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सिस्टर, प्रकरण घरातल्या घरात मिटवा."

"कुणाच्या घरात?"

"अहो, वकीलसाहेब आपल्या कमिटीवर आहेत. आपल्या जागेचा खटला तेच लढवतायत. त्यांना दुखावून चालेल का? तुम्ही मंडळापुढे फक्त एवढंच म्हणा, की मुलगी पहिल्यापासून जरा आडदांड होती."

समोर एक छोटा दहा बोटं पसरून बसला होता. मी त्याची नखं कापत राहिले, कारण हात थांबला असता तर तोंड सुटलं असतं. तरी सुटलंच.

"ती आडदांड नव्हती. बडबडी होती. आणि बडबडी आहे असं आत्ता म्हणायलाही जागा ठेवली नाही त्यांनी."

"तुमची सख्खी बहीण आहे ती. तिच्या संसाराचा विचार करा."

"संसार तिचा, मग मूल कुणाचं?"

ते उठले. फाटकापर्यंत जाऊन पुन्हा मागे आले आणि म्हणाले, "सिस्टर, क्षमा करायला शिका. आपण दुसऱ्यांना तेच शिकवतो."

मी म्हणाले, "क्षमा मागायला कुणी आलंय का? आलं असेल तर पाठवून द्या आत."

चहा विचारायचा राहून गेला. बरंच झालं.

इतकी वर्षं मी ह्या कामात आहे. दारू पिऊन मुलाला चटके देणारा बाप पाहिला, पायरीवर बाळ ठेवून पळणारी कोवळी पोर पाहिली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग येतो आणि जातो. कारण त्यांना खायला नव्हतं, अक्कल नव्हती, कुणी नव्हतं. तुमच्याकडे काय नव्हतं ते सांग. पुढच्या बाकावर बसून गाणी म्हणणारी माणसं तुम्ही!

मी मंडळापुढे आडदांड म्हणणार नाही. तुझ्या नवऱ्याला सांग.

ताई


शनिवार, ३ सप्टेंबर

धाकटे,

हे पत्र तू एकटी असताना वाच. नवऱ्याच्या हातात पडू देऊ नकोस. हे मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय, ह्याचंच मला आश्चर्य वाटतंय.

शनिवार हा आमच्याकडे उवांचा वार. अंगणात सतरंजी टाकायची, एकेकीला पुढ्यात घ्यायचं, फणी चालवायची. मुलींना तो वार आवडतो. डोक्यात बोटं फिरत असली की त्या काय काय बोलतात. वर्षभर शाळेतल्या बाईंना कळत नाही ते मला एका दुपारी कळतं. तू लहानपणी माझ्यापुढे अशीच बसायचीस. आई ओरडायची, "विंचरतेस की गप्पा मारतेस?"

आज भिंगरी बसली. अर्धं डोकं विंचरून झालं. मग पाठमोरीच म्हणाली, "सिस्टर, 'कुणाला सांगू नको' असं सांगितलेलं सांगितलं, तर देव रागावतो का?"

रविवारच्या शाळेत मी इतकी वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देतेय, पण हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "मोठ्या माणसाने लहान मुलाला तसं सांगितलं असेल, तर देव त्या मुलावर मुळीच रागावत नाही."

तिने विचार केला. म्हणाली, "पण आई रडेल."

मी पुढे काही विचारलं नाही. फणी चालवत राहिले. शेजारी एक मुलगी पाटीवर घोडा काढत होती. भिंगरी तिला म्हणाली, "पाय आधी काढू नको, बिघडतात. मी त्या दिवशी आधी पायच काढत होते, जमतच नव्हते. मग धप्प आवाज आला आणि बाळ रडायला लागलं. मी पळत गेले तर आईपण पळत आली, बाल्कनीतून."

समजलं तुला, मी काय ऐकलं ते?

ती दुसऱ्या खोलीत घोडा काढत होती. तू बाल्कनीत होतीस. बाळ टेबलावर एकटं होतं.

मी अगदी हळू विचारलं, "मग तू कसं पाडलंस गं?" तिची मान ताठ झाली. "मीच पाडलं. माझ्याकडून पडलं. मी पुन्हा असं करणार नाही."

मी तिला माझ्याकडे वळवलं नाही, कारण माझा चेहरा तिने बघावा असं मला वाटलं नाही.

धाकटे, तू तिला काय म्हणालीस? मी सांगू? "तू लहान आहेस, तुला कुणी काही बोलणार नाही. आईसाठी एवढं करशील ना?" असंच ना? मऊ आवाजात, केसांतून हात फिरवत. मी तुला ओळखते. तू आरडाओरडा करणाऱ्यातली नाहीस. तू आरडाओरडा केला असतास तर बरं झालं असतं, ती घाबरून केव्हाच बोलून गेली असती. तू लाडाने सांगितलंस, म्हणून ती अजून शब्द पाळतेय. तिला घराबाहेर काढलं तरी पाळतेय!

अगं, बाळ पडणं हा काय गुन्हा आहे? इथे दर महिन्याला एखादं पोर कुठून तरी पडतं. झाडावरून, बाकावरून, एकदा तर प्रार्थना चालू असताना खिडकीतून. तुला रात्रभर झोप नसेल, तू दोन मिनिटं वाऱ्याला उभी राहिली असशील. मी तुला एका शब्दाने बोलले नसते. कुठल्याही आईला बोलत नाही मी. पण तो दोष तू एका पोरीच्या अंगावर टाकलास आणि तिच्यावर घर सोडायची पाळी आली, तेव्हाही तोंड उघडलं नाहीस. मागच्या सीटवर बसून राहिलीस.

आणि तुझा नवरा तिला धोकादायक म्हणतो. धोका तिला होता, तुमच्यापासून.

मी मंडळाच्या अध्यक्षबाईंना जाऊन भेटले. चांगल्या आहेत, पण नियमाने चालणाऱ्या. म्हणाल्या, "सिस्टर, मुलगी स्वतः कबूल करतेय. तुम्ही सांगताय ते तिच्या बोलण्यावरून काढलेलं अनुमान. त्यात तुम्ही तिच्या मावशी लागता." त्यांनी भिंगरीला एकटीला आत बोलावून विचारलं. तिने काय सांगितलं असेल ते तुला पाठ आहे.

सुनावणी मंगळवारी, तेरा तारखेला. तिला वाचवू शकेल असं जगात एकच माणूस आहे, आणि ते माणूस मी नाही ह्याचा मला भयंकर राग येतोय.

ये. खरं बोल.

ताई


शुक्रवार, ९ सप्टेंबर

धाकटे,

काल फोनवर तू बोललीस कमी, रडलीस जास्त. मीही धड ऐकून घेतलं नाही, तू म्हणालीस त्या एका वाक्यानंतर मला काही ऐकूच येईना. म्हणून आज लिहितेय.

तू म्हणालीस, "ताई, मी खरं सांगितलं तर हे मला घराबाहेर काढतील. सासूबाई म्हणतात, हिच्या हातात नातू सुरक्षित नाही. बाळ घेतील माझ्याकडून." ती भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. तुझ्या नवऱ्याला मी ओळखते, सासूबाईंनाही. बाळ झाल्यापासून तुला एकदाही कुणी "तू जेवलीस का" विचारलं नसेल, हेही मला कळतं. तुला आधीच विचारायला हवं होतं ते, मीसुद्धा.

पण मग तू म्हणालीस, "तुला मूल नाही, तुला काय कळणार."

नाही, मला मूल नाही. ह्या घरात सध्या तीस आहेत आणि त्यातलं एकही माझं नाही. त्यांच्या खोकल्याचे आवाज मी भिंतीपलीकडून ओळखते. कोण अंधाराला भितं, कोण पाव उशीखाली लपवून ठेवतं, कुणाला 'बाबा' हा शब्द ऐकला की उलटी होते, ते मला ठाऊक असतं. मग एक दिवस चांगले कपडे घालून कुणीतरी जोडपं येतं, आणि मी त्या पोराचे केस विंचरून, नाक पुसून त्यांच्या हातात त्याचा हात देते. फाटक लागलं की धुणं काढायला जाते, कारण धुण्यापाशी कुणी बघत नाही. एक छकुली तापाने माझ्या मांडीवर गेली. कबर खणणाऱ्याने विचारलं, "आई कोण?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "लिहा, कुणी नाही." कारण तेच खरं होतं. मला काय कळतं आणि काय नाही, ते तू मला शिकवू नकोस.

भिंगरीचा हातही मीच तुझ्या हातात दिला होता. दुसऱ्या जोडप्यांना घातले तेवढे प्रश्न तुम्हाला घातले नाहीत, माझी बहीण म्हणून.

आता नीट ऐक. तुला घराबाहेर काढलं तर इथे ये. शिवणाच्या मशिनची खोली रिकामी करून ठेवते. खिडकी आहे, छत गळत नाही. बाळासकट ये. फुकट ठेवणार नाही, शनिवारी उवा काढायला बसवेन. आणि बाळ कुणी असं काखोटीला मारून घेऊन जाऊ शकत नाही. त्यालाही कायदा आहे, आणि जगात तुझा नवरा हा एकटाच वकील नाही.

भिंगरीला मी सांगितलं नाही की तुझा फोन आला होता. आशा लावून ठेवायला माझं मन धजावत नाही.

मंगळवारी आली नाहीस तर पुन्हा पत्र लिहिणार नाही. प्रार्थनेत तुझं नाव घेईन. ते माझं कामच आहे.

ताई


गुरुवार, २९ सप्टेंबर

धाकटे,

सुनावणीनंतर तुला लिहायचं नाही असंच मनात होतं. तू आलीस, खरं बोललीस, तरी माझा राग गेला नव्हता. आणि अजून गेलेला नाही. पण तू त्या दिवशी पूर्ण वेळ मान खाली घालून होतीस. तुला काही गोष्टी दिसल्या नसणार, त्या तुला कळायला हव्यात.

तुझा नवरा बोलला तेव्हा किती छान बोलला! 'बालमानस' काय, 'सुप्त आक्रमकता' काय. पाळकसाहेब शेजारी बसून मान डोलावत होते. मला वाटलं, झालं, गेली पोर. मग अध्यक्षबाईंनी तुला विचारलं, "आपल्याला काही सांगायचंय?" आणि तू म्हणालीस, "बाळाला टेबलावर मी ठेवलं होतं. मी बाहेर गेले. ती तिथे नव्हतीच. मीच तिला खोटं बोलायला लावलं."

तुझ्या नवऱ्याने आधी तुझ्याकडे बघितलंच नाही. त्याने टेबलावरचं पेन उचलून खिशात ठेवलं, टोपण लावून, अगदी व्यवस्थित. मग म्हणाला, "ही दमलेली आहे. हिला डॉक्टरांना दाखवायला हवं." अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपण बसा. मी त्यांना विचारलंय." तेव्हा तो उठून गेला.

आणि भिंगरी! मी तिला धरून बसले होते म्हणून मला कळलं, ती लाकडासारखी कडक झाली होती. सगळ्यांना वाटलं आता ती सुटली, आईकडे धावेल. ती ओरडली ते तू ऐकलंस. "आई, तू का सांगितलंस? आता तुला रागावतील ना!" तुला ऐकू आलं नसेल ते पुढचं. तुला बाहेर पाणी द्यायला नेलं तेव्हा ती अध्यक्षबाईंच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "आई चुकून बोलली. मीच पाडलं." अध्यक्षबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ लावला नाही.

तिच्यावरचा आरोप पुसला गेला. सुधारगृह टळलं. ती इथेच माझ्याकडे राहणार आणि ऑक्टोबरपासून तू दर रविवारी येऊन तिला भेटणार. पुढचं सहा महिन्यांनी बघू, असं मंडळाने ठरवलं. मी भेटींना विरोध केला होता. तुझ्यापासून लपवत नाही. मी म्हणाले, एकदा परत केलेलं मूल पुन्हा त्याच हातात द्यायला माझा जीव होत नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, "सिस्टर, हे तुम्ही मुलीसाठी बोलताय की बहिणीवरच्या रागाने?" मी म्हणाले, "दोन्ही." त्यांनी रविवार दिले.

तू बाळाला घेऊन आत्याकडे गेलीस हे कळलं. ठीक. माझ्याकडे आली नाहीस हेही ठीक, रोज समोरासमोर आपलं जमलं नसतं. वकीलसाहेबांनी कमिटी सोडली आणि खटलाही. पाळकसाहेब माझ्याशी बोलत नाहीत, चिठ्ठ्या पाठवतात. परवाच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आपल्या हट्टापायी जागा गेली तर मुलं कुठे ठेवाल?' मी मागच्या बाजूला लिहून पाठवलं, 'आपल्या बंगल्यात. खोल्या मोजून ठेवल्या आहेत.' अजून उत्तर नाही. नवा वकील शोधतेय. मिळेल.

पण आज लिहायला बसले ते आज सकाळी झालं त्यासाठी.

नाश्त्याची वेळ होती. मोठ्या खोलीत सगळी पोरं, नेहमीचा गोंधळ. कुणाचं तरी दूध सांडलं. पलीकडची मोठी मुलगी सवयीने म्हणाली, "भिंगरीने पाडलं असेल."

भिंगरी बाकावर उभी राहिली. "मी नाही पाडलं."

"बरं, बरं, बस," ती मुलगी म्हणाली.

"मी नाही पाडलं!" हातातली ताटली तिने अशी भिरकावली, की ती भिंतीला लागून लांबपर्यंत वाजत गेली. "बाळालापण मी नव्हतं पाडलं! मी घोडा काढत होते! आईने मला खोटं बोलायला लावलं! आणि मग मला सोडून गेली! मी शहाण्यासारखी वागले तरी सोडून गेली!"

आमच्या मदतनीस बाई तिला खाली उतरवायला धावल्या. मी त्यांचा हात धरला. म्हणाले, "बोलू द्या."

ती बोलली. आवाज बसेपर्यंत बोलली. तुला नावं ठेवली, तुझ्या नवऱ्याला ठेवली, मला ठेवली. म्हणाली, "तूच मला त्यांच्याकडे पाठवलंस." खरं आहे, पाठवलं. मग बाकावरून उतरून माझ्या पोटावर दोन्ही मुठींनी मारत राहिली. मी उभी राहिले. अगं, किती दिवसांनी ती कुणाला न विचारता काहीतरी करत होती! मला रडू येत होतं आणि मनातून मी म्हणत होते, मार, अजून मार.

मला ती इथेच हवी आहे. हेही लपवत नाही. पण मारता मारता ती मधेच थांबली आणि म्हणाली, "रविवारी आई येईल ना? मला तिला सांगायचंय." म्हणून हे पत्र.

तेव्हा रविवारी ये. भेटवस्तू आणू नकोस. बाळाला आण, त्याचा हात बरा झालेला तिला बघायचाय. ती हे सगळं तुझ्या तोंडावर म्हणेल, ओरडून म्हणेल, कदाचित मारेलही. तू ऐक. समजावू नकोस, जवळ ओढू नकोस, आणि काहीही झालं तरी तिच्या आधी रडू नकोस. तू रडलीस की ती गप्प बसते. आता तिला गप्प बसवायची परवानगी ह्या घरात कुणालाही नाही. तुला नाही, आणि मलाही नाही.

ताई